उरलेल्या श्वासाचे गाणे



आमच्या गायकवृंदात दर वर्षी ईस्टरच्या आधी एक वाद ठरलेला असतो. जागरणाच्या रात्रीचे शेवटचे गीत किती जलद म्हणायचे? तरुण मुलांना ढोलकी हवी असते, टाळ्या हव्या असतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, ही काय वरात आहे? देवाच्या घरात गाणे कसे शांत, भारदस्त हवे. पेटीवाले मामा दोघांचे ऐकून घेतात आणि शेवटी मधली लय धरतात. त्यामुळे कुणाचेच समाधान होत नाही.

यंदा हा वाद मिटवला तो एका बाईने. तिचे नाव इथे लिहीत नाही. आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो.

आक्का निपाणीची. तिची उमर तंबाखूच्या वखारीत गेली. निपाणीच्या लोकांना वखार म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. तंबाखू चाळताना आणि कुटताना उडणारी धूळ, नाकातोंडावर बांधलेला पदर, संध्याकाळी घरी आल्यावरही केसांना येणारा उग्र वास, हे तिथल्या कितीतरी आयाबहिणींचे रोजचे जगणे आहे. आक्का रविवारी चर्चमध्ये यायची, पुढच्या बाकाजवळ उभी राहायची आणि तिचा आवाज छपराला लागायचा. पेटी नसली तरी चालेल, पण आक्का पाहिजे, असे आम्ही थट्टेने म्हणत असू.

मग तिला खोकला लागला. वखारीतल्या धुळीने सगळ्यांनाच खोकला असतो, म्हणून तिने मनावर घेतले नाही. वजन उतरले, रोज संध्याकाळी ताप येऊ लागला, तेव्हा सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. क्षयरोग निघाला. सहा महिने नेमाने गोळ्या घ्यायच्या होत्या.

आता आम्हाला एक कबुली द्यायची आहे. औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांपासून इतरांना लागण होण्याचा धोका जवळजवळ राहत नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते. तरीही आक्का पहिल्यांदा परत आली त्या रविवारी तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहिल्या. कुणी काही बोलले नाही. जो तो सहज म्हणून दुसऱ्या बाकावर जाऊन बसला. आम्हीही त्यांत होतो. त्याच आठवड्यात आम्ही मुलांना मार्ककृत शुभवर्तमानातली बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची गोष्ट शिकवली होती. गर्दीत तिने प्रभूच्या वस्त्राला हात लावला आणि प्रभूने तिला दूर न सारता मुलगी म्हणून हाक मारली, असे आम्ही फळ्यासमोर उभे राहून सांगितले. आणि रविवारी आम्हाला एक बाक ओलांडता आला नाही.

सरावाच्या संध्याकाळी आक्का आली. मामांनी तिची काळजी घ्यायची म्हणून पेटीवर अगदी सावकाश सूर धरला. पहिली ओळ लांबलचक होती. अर्ध्यावरच आक्काचा आवाज तुटला, तिला खोकला आला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. मामा म्हणाले, "आक्का, अजून सावकाश घेऊया का?"

ती हसली. "सावकाश नगासा घेऊ, मामा. लांब ओळीला दम पुरत न्हाई. जरा पळतं घ्या. पळताना मधी मधी श्वास घेता येतोय."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. दम कमी असलेल्याला संथ गाणे सोपे जाईल, असेच आम्ही आजवर धरून चाललो होतो. खरे तर उलटे होते. त्या रात्री घरी गेल्यावर आम्हाला आपल्याच मातीतला एक माणूस आठवला, आणि म्हणून हा लेख लिहायला बसलो आहोत.

बेळगावजवळचे सुळेभावी हे गाव तुम्हाला ठाऊक असेल. तिथे ८ एप्रिल १९२४ रोजी एका कन्नड बोलणाऱ्या लिंगायत घरात शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळी यांचा जन्म झाला. लहान वयात हा मुलगा मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांतली गायकी जशीच्या तशी उतरवू लागला. एका मठाच्या स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि जग त्याला त्याच नावाने ओळखू लागले. बालपणीच तो मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला गेला. विशी ओलांडेपर्यंत त्याचे नाव देशभर झाले होते.

१९४७ साली त्यांचे लग्न भानुमती कंस यांच्याशी झाले. त्याही देवधरांच्या विद्यालयातल्या, स्वतः गाणाऱ्या. आणि लगेचच कुमारांना क्षयरोग असल्याचे कळले. त्या काळी क्षय म्हटले की घरातले लोक रडायला लागत. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे जोडपे माळव्यातल्या देवासला गेले. गाण्याला बंदी होती. गवयाला बोलायचीसुद्धा चोरी. भानुमतींनी शाळेत शिक्षिकेची नोकरी धरली, घर चालवले आणि नवऱ्याची सेवा केली. त्याच सुमारास स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले. अमेरिकेत १९४३ मध्ये त्याचा शोध लागला होता आणि क्षयावर चालणारे ते पहिले प्रतिजैविक होते. त्याने कुमारांचा जीव वाचला, पण एक फुफ्फुस कायमचे निकामी झाले.

ती पाचएक वर्षे कुमार अंथरुणावर पडून काय करत होते? ऐकत होते. खिडकीतून आत येणारी माळव्यातल्या बायकांची गाणी, लग्नाची, पावसाची, जात्यावरची. दारावरून जाणाऱ्या जोग्यांची निर्गुण भजने. गाता येत नव्हते, पण कानांना बंदी नव्हती. पुढे त्यांनी माळव्यातल्या लोकधुना गोळा केल्या आणि त्या धुनांतून नवे राग उभे केले. त्यांना ते धुनउगम राग म्हणत. त्यांच्या बंदिशींचा 'अनूपरागविलास' हा संग्रह १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्रीय संगीत म्हणजे जुन्यांनी करून ठेवलेले तेवढेच, असे समजणाऱ्यांना त्यांनी दाखवले की नवे गाणे आजही जन्मते, आणि ते अडाणी समजल्या जाणाऱ्या बाईच्या गळ्यातूनही जन्मते.

१९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत बसले. लोकांना वाटले होते, आजारातून उठलेला गवई आता हळू, मवाळ गाईल. ऐकू आले ते वेगळेच. छोटे, टोकदार स्वरसमूह. एकदम उसळी घेऊन तारसप्तकात लावलेला सूर, मग थांबणे, मग पुन्हा झेप. द्रुत लयीतली बंदिश तर अशी की विजेचा लोळ यावा. त्यांची गायकी आजारानेच घडली असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. चमक लहानपणापासून होती आणि विचारही त्यांचा स्वतःचा होता. पण उरलेल्या श्वासाशी त्यांनी भांडण केले नाही, त्यालाच गाण्याचा भाग केले, एवढे नक्की म्हणता येते.

हे कसे होते, ते साध्या हिशेबाने समजून घेऊ. आपल्याकडे तीनतालात १६ मात्रा असतात. पहिली मात्रा म्हणजे सम. तिथे सगळे पुन्हा एकत्र येतात. विलंबित लयीत तालाचे एक आवर्तन अर्ध्या-पाऊण मिनिटाचेही होऊ शकते. तिथे सूर लांबवर धरायला छातीत भरपूर हवा लागते. द्रुत तीनतालात तेच आवर्तन चार-पाच सेकंदांत संपते. शब्द छोटे, ओळ छोटी, सम लवकर येते. प्रत्येक समेनंतर डोळ्याच्या पापणीएवढा अवकाश मिळतो. ज्याला तो अवकाश नेमका साधता येतो, तो थोड्या हवेवर दूरपर्यंत जाऊ शकतो. मात्र चूक चालत नाही. जिथे श्वास घ्यायचा तिथेच घ्यावा लागतो. जलद गाणे सोपे असते असे नाही. त्यात विश्रांती पुन्हा पुन्हा मिळते, एवढेच. आक्काने गाण्याची एकही परीक्षा दिलेली नाही. तिला हे तिच्या छातीने शिकवले.

आणि गवई थांबतो तेव्हा गाणे थांबत नाही, कारण मागे तानपुरे वाजत असतात. कुमार तानपुरे जुळवण्याच्या बाबतीत फार काटेकोर होते. तानपुरा नीट लागला असेल तर गवयाच्या मौनातही सूर भरून राहतो. ही गोष्ट मनात ठेवा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

कुमारांच्या एका बंदिशीविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'मधसुरजा' हा त्यांचा स्वतःचा राग, नावातच मध्यान्हीचा सूर्य आहे. देवासला देवीची टेकडी आहे आणि तिच्या पायथ्याशी त्यांचे घर. या रागातली त्यांची बंदिश बळी द्यायला नेल्या जाणाऱ्या बकरीच्या तोंडून आहे. ती आईला विनवते की मला वाचव, माझे पिलू घरी एकटे आहे. एवढाच मजकूर. त्यावर एखाद्याने संथ शोकगीत रचले असते. कुमारांची बंदिश रडत बसत नाही. ती लयीत धावते. जीव वाचवायला धावणाऱ्याला आलाप घ्यायला कुठला वेळ?

आम्ही धर्मशिक्षण देणारी माणसे, त्यामुळे कापायला नेल्या जाणाऱ्या कोकराविषयी यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायात काय आहे ते आम्हाला पाठ आहे. तिथले कोकरू गप्प आहे, आणि त्या मौनात आपण आपल्या प्रभूला ओळखतो. कुमार ख्रिस्ती नव्हते. त्यांना ओढून आपल्या बाकावर बसवण्याचा आमचा विचार नाही, तसे करणे त्यांच्या गाण्याचा अपमान ठरेल. पण त्या बंदिशीने आम्हाला एक गोष्ट ऐकवली. गप्प असलेल्या कोकराने जगातल्या सगळ्या बोलणाऱ्या कोकरांची हाक ऐकली आहे. आक्काच्या घरीही एक मूल होते. तपासणीचा कागद हातात घेऊन ती दवाखान्याबाहेर बसली तेव्हा तिच्या मनात हीच विनवणी होती, असे तिने आम्हाला नंतर सांगितले. तेव्हा आमच्यापैकी कुणी जवळ नव्हते.

असे गाणे फक्त आपल्याकडेच झाले असेही नाही. ऑलिव्हिए मेसियां हे फ्रान्समधले श्रद्धावंत कॅथलिक संगीतकार दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत पडले. गर्लिट्झच्या युद्धकैद्यांच्या छावणीत त्यांनी पियानो, व्हायोलिन, चेलो आणि क्लॅरिनेट या चार वाद्यांसाठी एक रचना लिहिली आणि १५ जानेवारी १९४१ रोजी ती कैद्यांसमोर वाजवली गेली. प्रकटीकरणाच्या दहाव्या अध्यायातला देवदूत, जो काळाच्या समाप्तीची घोषणा करतो, तो त्यांच्या डोळ्यांपुढे होता. तिचे आठ भाग आहेत. सहाव्या भागात चारही वाद्ये एकच चाल, एकाच वेळी, सात कर्ण्यांच्या आवेशाने वाजवतात. थंडीने आणि भुकेने गारठलेल्या माणसांत ही ताकद आली कुठून? आणखी एक गंमत सांगतो. मेसियांनी ज्या लयींचा अभ्यास केला होता त्यांत शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथातले देशी ताल होते. हा ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला लिहिला गेला. देवगिरीतले ताल गर्लिट्झच्या कैद्यांपर्यंत पोहोचले. गाण्याला ना कुंपण अडवते ना सीमा. आपण सीमाभागात राहणारे लोक हे विसरतो. सुळेभावीच्या कन्नड घरातला मुलगा मराठी माणसाचा लाडका गवई झाला आणि माळव्याच्या बोलीत त्याने बंदिशी बांधल्या. आज बेळगावात त्याच्या नावाचे रंगमंदिर आहे. तिथे जाताना दोन्ही भाषांचे लोक तो आपलाच म्हणतात, आणि दोघांचेही खरे आहे.

आता आपल्या वादाकडे येऊ. देवाच्या घरात जलद गाणे शोभते का? मराठी मंडळीला हा प्रश्न नवा नाही. कृष्णाजी रत्नाजी सांगळे आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आपल्याला मराठी छंद, अभंगाची चाल आणि कीर्तन दिले. कीर्तन म्हटले की टाळ आले, आणि टाळ आले की लय चढणारच. कॅथलिक मंडळींकडे ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने लोकभाषेला दार उघडले आणि त्या त्या देशातल्या संगीताला मान देण्यास सांगितले. त्यानंतर मिस्सामध्ये तबला आणि पेटी आली. म्हणजे वडीलधाऱ्यांनी आज जपलेली शांत चालही कधीतरी नवीच होती.

तरी वडीलधाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नुसता गोंगाट म्हणजे आवेश नव्हे. ढोलकी जोरात वाजली म्हणून स्तुती होत नाही. जलद गाण्याचा आवेश कुठून येतो, हे पाहायला हवे. मिरवण्यासाठी येत असेल तर तो चर्चबाहेर ठेवावा. वाचवला गेल्याच्या जाणिवेतून येत असेल तर त्याला अडवणारे आपण कोण?

पवित्र शास्त्रात श्वासाची गोष्ट पहिल्या पानांपासून आहे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायात सुकलेल्या हाडांच्या खोऱ्यात वारा येतो. योहानाच्या विसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू दारे लावून भीतीने बसलेल्या शिष्यांवर फुंकर घालतो. आणि स्तोत्रसंहितेचे शेवटचे, दीडशेवे स्तोत्र झांजा, डफ आणि नृत्य यांची नावे घेत जाते आणि शेवटी जे जे श्वास घेते त्या सगळ्यांना स्तुतीला बोलावते. भरपूर श्वास असलेल्यांना वेगळे आमंत्रण तिथे नाही. श्वास घेत असणे एवढीच अट आहे. एका फुफ्फुसाचा माणूसही ती पुरी करतो.

ईस्टरच्या रात्री आम्ही ते गीत आक्काच्या लयीत म्हटले. सरावात आम्ही एक गोष्ट ठरवली होती. सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही. डावीकडचे घेतील तेव्हा उजवीकडचे गातील, उजवीकडचे घेतील तेव्हा डावीकडचे. मोठ्या गायकवृंदांत हे नेहमीच करतात, आम्हीच कधी केले नव्हते. तिसऱ्या कडव्यात आक्काचा दम संपला. ती थांबली, छातीवर हात ठेवून उभी राहिली. गाणे थांबले नाही. तिच्या उजव्या आणि डाव्या बाजूला माणसे उभी होती आणि ती गात होती. पुढच्या समेला ती परत आली. आवाज पूर्वीसारखा छपराला लागला नाही, तेवढा आता लागणारही नाही कदाचित. पण ती परत आली.

तानपुऱ्याची गोष्ट मनात ठेवा म्हणालो होतो, ती यासाठी. एकाच्या मौनात सूर भरून ठेवणे हे मंडळीचे काम आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात एका शरीराची आणि पुष्कळ अवयवांची शिकवण आहे. एक अवयव दुखला तर सगळे दुखतात, हे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. त्या रिकाम्या जागांच्या रविवारी आमचे शरीर दुखले नव्हते, नुसते सरकून बसले होते. आक्काने त्याचा एकदाही उल्लेख केला नाही. म्हणून तो आम्ही इथे केला.

कुमार गंधर्व १२ जानेवारी १९९२ रोजी देवासला गेले. एका फुफ्फुसावर ते जवळजवळ चाळीस वर्षे गायले. डॉक्टरांनी आणि पत्नीने वाचवलेला प्रत्येक श्वास त्यांनी वापरून घेतला. भानुमती १९६१ मध्येच वारल्या, त्यांना त्यांतले थोडेच ऐकायला मिळाले. त्यांची आठवण ठेवल्याशिवाय कुमारांची गोष्ट पुरी होत नाही.

शेवटी एक साधी विनंती. तुमच्या घरी, गल्लीत, वखारीत कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याला तपासणीला घेऊन जा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि गोळ्या मोफत असतात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडू देऊ नका. आणि तो माणूस परत येईल त्या रविवारी त्याच्या शेजारच्या जागेवर जाऊन बसा.

हे श्वासदात्या प्रभो, ज्यांची छाती आज भरून येत नाही त्यांना तुझा वारा दे. ज्यांनी त्यांच्यापासून अंग चोरले त्या आम्हाला क्षमा कर. आमच्यातला एक जण थांबेल तेव्हा बाकीच्यांना गात राहण्याची बुद्धी दे, आणि पुढच्या समेला त्याची वाट पाहण्याचा धीर दे. आमेन.